अतिशहाणा त्याचा बैल रिकामा

कथा म्हटली की तिच्यात नायक आला आणि बहुधा खलनायकही आला. खलनायकांच्या दोन जाती वाचकांच्या परिचयाच्या आहेत. पहिली जात बळावर विसंबणाऱ्यांची. लोककथांतील राक्षस, वाटमारे, जुलमी राजे हे या जातीचे होत. त्यांना अधिक बळाचा किंवा अधिक धैर्याचा पुरुष भेटला की त्यांची कथा संपते. दुसरी जात बुद्धीवर विसंबणाऱ्यांची. हे खलनायक आरडाओरडा करीत नाहीत की शस्त्र उपसत नाहीत. ते शांतपणे बसून बेत रचतात. प्रतिपक्ष काय बोलेल, काय करील, कोठे फसेल, हे सारे त्यांनी अगोदरच ताडलेले असते.

मग अशांचा पराभव होतो तरी कसा? नायक त्यांच्याहून अधिक बुद्धिमान असतो, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. चांगल्या कथा बारकाईने वाचल्या तर असे दिसते की, नायकाला पुष्कळदा थोडेच करावे लागते. उरलेले काम खलनायक स्वतःच करून ठेवतो. बेत पुरा झाला असताही तो त्याला आणखी एक टाका घालतो, आणि नेमक्या त्याच टाक्यापासून सगळी शिवण उसवू लागते. ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. गरजेहून अधिक हुशारी लढविणाऱ्याच्या पदरी अखेर काहीच पडत नाही, असा तिचा आशय. निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशांत लिहिल्या गेलेल्या चार कृतींतून या म्हणीची प्रचीती कशी येते, ते पाहण्यासारखे आहे.

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात धर्मबुद्धी आणि पापबुद्धी या दोन मित्रांची कथा आहे. नावांवरूनच दोघांचे स्वभाव कळतात. दोघे परदेशी जाऊन पुष्कळ धन मिळवितात. परत येताना गाव जवळ आले, तेव्हा पापबुद्धी सुचवितो की, सगळे धन घरी नेणे बरे नव्हे; ते पाहून आप्तेष्ट मागू लागतील; थोडे बरोबर घेऊन बाकीचे येथेच अरण्यात पुरून ठेवावे. सरळ मनाचा धर्मबुद्धी ते मान्य करतो. पुढे एका रात्री पापबुद्धी एकटाच जाऊन ते धन उकरून आणतो, आणि काही दिवसांनी मित्राला घेऊन पुन्हा त्या जागी जातो. रिकामे भांडे दिसताच तो कपाळ बडवून घेतो व चोरीचा आळ धर्मबुद्धीवर घालतो. भांडण न्यायाधीशांपुढे जाते.

येथवर पापबुद्धीच्या बेतात कोठेही उणे नाही. धन पुरताना पाहणारा तिसरा कोणी नव्हता, आणि उकरताना तर दुसराही नव्हता. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध उभा होता. न्यायाधीश दोघांना दिव्य करावयास सांगण्याच्या विचारात होते, म्हणजे दोन्ही पारडी समान होती. परंतु समान पारड्यावर समाधान मानणे पापबुद्धीच्या स्वभावात नव्हते. त्याला आपले पारडे जमिनीला टेकलेले हवे होते. त्याने न्यायाधीशांनाच शास्त्र सांगितले. साक्षीदार असताना दिव्य कशाला? धन जेथे पुरले होते तेथील वनदेवता आपली साक्षीदार आहे. उद्या सकाळी तिलाच विचारावे!

घरी येऊन त्याने आपल्या वृद्ध पित्याला गळ घातली. रात्रीच जाऊन शमीच्या ढोलीत बसावे आणि सकाळी देवतेच्या आवाजात धर्मबुद्धीचे नाव घ्यावे. पित्याने त्याला सावध केले. उपाय योजताना त्यातून उद्भवणाऱ्या अपायाचाही विचार करावा, असे सांगून त्याने एका बगळ्याची गोष्ट ऐकविली. बगळ्याची पिले एक साप खात असे. सापाचा नाश व्हावा म्हणून बगळ्याने मुंगसाच्या बिळापासून सापाच्या ढोलीपर्यंत मासे टाकीत नेले. मुंगूस त्या वाटेने आले, त्याने साप मारला, आणि मग त्याच झाडावरचे बगळेही एकामागून एक खाऊन टाकले. उपाय उत्तम होता. फक्त मुंगूस सापापाशीच थांबेल, असे बगळ्याने गृहीत धरले होते. पापबुद्धीने गोष्ट ऐकली, पण तिचा बोध घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमक्ष झाडातून आवाज आला आणि त्याने धर्मबुद्धीला चोर ठरविले. न्यायाधीश चकित झाले व कोणती शिक्षा द्यावी याचा विचार करू लागले. तेवढ्यात धर्मबुद्धीने ढोलीभोवती वाळके गवत व काटक्या रचून पेटवून दिल्या. धुराने आणि ज्वाळांनी होरपळलेला पापबुद्धीचा पिता आक्रोश करीत बाहेर पडला, घडले ते सांगून मोकळा झाला आणि गतप्राण झाला. पापबुद्धीला त्याच शमीच्या फांदीवर फाशी देण्यात आले.

धर्मबुद्धीला झाड पेटविण्याची कल्पना कशी सुचली, हे कथाकार फोडून सांगत नाही. वाचकाला मात्र ते ताडता येते. धर्मबुद्धीजवळ धूर्तपणा नव्हता. त्याच्याजवळ एकच निश्चित ज्ञान होते, ते म्हणजे आपण चोरी केलेली नाही. देवता असत्य बोलणार नाही. मग जे बोलले ते झाड नव्हे आणि देवताही नव्हे. तो माणूसच असला पाहिजे. खोटा पुरावा साऱ्या जगाला फसवू शकतो. पण ज्याच्याविरुद्ध तो उभा केला आहे त्या निरपराध माणसाला तो फसवू शकत नाही. पापबुद्धी केवळ आरोप करून थांबला असता तर धर्मबुद्धीच्या हाती काहीच नव्हते. देवतेला बोलते करून त्याने स्वतःच आपल्या शत्रूच्या हाती दोरी दिली.

बेताला एक टाका जास्त पडला की काय होते, ते पापबुद्धीच्या कथेत दिसले. एकाच कार्यासाठी अनेक बेत एकत्र रचले तर काय होते, ते विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकात पाहावयास मिळते. या नाटकातील अमात्य राक्षस हा खलनायक नव्हे. नंद राजांचा नाश झाल्यावरही त्यांच्याशी एकनिष्ठ राहिलेला तो थोर सेवक आहे, आणि त्याची योग्यता त्याचा प्रतिपक्षी चाणक्यही जाणतो. तथापि अतिविचाराचा दोष सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाही, हे त्याच्या उदाहरणावरून चांगले कळते.

चंद्रगुप्त राजवाड्यात प्रवेश करील त्या रात्रीसाठी राक्षसाच्या हेरांनी दोन सापळे रचले होते. दारुवर्मा नावाच्या कारागिराने प्रवेशद्वारावर यंत्राने पडणारी कमान उभारली होती. चंद्रगुप्ताच्या हत्तिणीवरील माहुताने सोन्याच्या दांड्यात कट्यार लपविली होती. पहिली चूक येथेच झाली. कमान उभारण्याची आज्ञा होण्यापूर्वीच ती तयार असल्याचे पाहून चाणक्याला संशय आला. हुकमाआधी तयार असलेली सेवा ही सेवा नव्हे, हे त्याने ओळखले. त्याने त्या हत्तिणीवर चंद्रगुप्ताऐवजी वैरोधकाला राजवेषात बसवून पुढे पाठविले. दुसरी चूक याहून विलक्षण होती. माहुताने कट्यार काढण्यासाठी दांड्याला हात घातला. आता आपल्याला मार बसणार असे वाटून हत्तीण वेगाने पुढे सरकली. दारुवर्म्याने तिच्या आधीच्या चालीवर नेम धरून कमान सोडली होती. नेम चुकला आणि कमान त्या माहुतावरच कोसळली. वैरोधकाचे प्राण गेले खरे, पण चंद्रगुप्त सुरक्षितच राहिला. म्हणजे एका बेताने दुसऱ्या बेताच्या पायांत पाय घातला. दोहोंपैकी एकच सापळा असता, तर तो कदाचित अचूक पडला असता.

याच नाटकात आणखी एक बारीकशी घटना सांगितली आहे. चंद्रगुप्ताच्या शयनगृहाखालील भुयारात राक्षसाचे मारेकरी दडून बसले होते. चाणक्य शयनगृहात आला, तेव्हा भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुंग्यांची रांग त्याच्या नजरेस आली. भिंतीमागे माणसे आहेत हे त्याने जाणले व ते दालन पेटवून दिले. भुयार, मारेकरी, रात्रीची वेळ या सर्वांचा विचार झाला होता. पण दडून बसलेल्या माणसांना जेवावे लागते आणि सांडलेल्या अन्नाला मुंग्या लागतात, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

संस्कृत कथा-नाटकांत दिसणारा हाच मानवी स्वभाव आधुनिक काळातील लंडन शहरात कसा प्रकट होतो, ते ब्रिटिश लेखक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या एका कथेवरून समजते. त्यांच्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या कथा जगभर वाचल्या जातात. त्यांपैकी नॉरवुडच्या कंत्राटदाराची कथा १९०३ साली प्रसिद्ध झाली.

जोनास ओल्डएकर हा नॉरवुड या उपनगरात राहणारा एक धनिक बांधकाम-कंत्राटदार. त्याने तरुणपणी एका स्त्रीला मागणी घातली होती. परंतु त्याचा क्रूर स्वभाव कळल्यावर तिने त्याला नाकारले. तो अपमान त्याने आयुष्यभर मनात जपला. पुढे तिचा मुलगा जॉन मॅकफार्लेन वकील झाला. एके दिवशी ओल्डएकर त्याच्या कचेरीत येतो आणि आपली सगळी मालमत्ता त्याच्या नावे करणारे मृत्युपत्र त्याच्यापुढे ठेवतो. राहिलेली कागदपत्रे पाहण्यासाठी त्या रात्री तो त्याला घरी बोलावतो. मॅकफार्लेन जातो, काम उरकतो. निघताना त्याला आपली काठी सापडत नाही. ती पुढच्या भेटीपर्यंत येथेच राहू दे, असे यजमान म्हणतो. त्याच रात्री घरामागील लाकडांच्या रचलेल्या ढिगाला आग लागते. ओल्डएकर नाहीसा झालेला असतो, राखेत जळालेले अवशेष सापडतात, खोलीत रक्ताचे डाग असतात आणि काठीच्या मुठीलाही रक्त लागलेले असते. मृत्युपत्रामुळे लाभ होणार तो मॅकफार्लेनला. त्या रात्री घरात आलेला परका माणूसही तोच. पोलीस त्याला पकडतात. वस्तुतः ओल्डएकर मेलेलाच नसतो. सूड उगवावा आणि त्याबरोबरच सावकारांना चुकवून दुसऱ्या नावाने सुखात राहावे, असा त्याचा दुहेरी डाव असतो.

या डावाची परिपूर्णता लक्षात घेण्यासारखी आहे. होम्सला मॅकफार्लेन निर्दोष वाटत होता. पण वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. मृत्युपत्राचे अक्षर मध्येच सुबक व मध्येच वेडेवाकडे होते, यावरून ते धावत्या आगगाडीत लिहिले असावे, आणि ज्याला ते अमलात यावे असे वाटत नाही तोच ते इतक्या बेफिकिरीने लिहील, एवढे अनुमान त्याने काढले. तथापि न्यायालयात त्याची मातब्बरी कितीशी! सर्व पुरावा आरोपीविरुद्ध होता. पहिल्या दिवसाअखेर होम्स खिन्न झाला. एका निरपराध तरुणाच्या गळ्यात फास पडणार आणि आपण काही करू शकणार नाही, असे त्याला वाटू लागले. ओल्डएकर त्या वेळी स्वस्थ बसला असता तर विजय त्याचाच होता.

पण तो स्वस्थ बसला नाही. दुसऱ्या दिवशी लेस्ट्रेड या पोलीस अधिकाऱ्याने होम्सला मोठ्या उत्साहाने बोलावून घेतले. घराच्या प्रवेशदालनातील भिंतीवर रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा सापडला होता, आणि तो मॅकफार्लेनच्याच उजव्या अंगठ्याचा होता. अंगठ्याच्या ठशाला त्या काळी नवीनच महत्त्व आले होते. बंगालमध्ये पोलीस खात्याचे प्रमुख असलेले एडवर्ड हेन्री यांनी तेथे हेमचंद्र बोस व अझिझुल हक या भारतीय सहकाऱ्यांच्या साहाय्याने ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली होती, आणि लंडनच्या पोलिसांनी १९०१ साली ठशांसाठी स्वतंत्र शाखा उघडली होती. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, ही गोष्ट सुशिक्षितांना ठाऊक झाली होती. तेव्हा ओल्डएकरने नव्यातला नवा आणि बिनतोड पुरावा निवडला, असे म्हणावयास हरकत नाही.

लेस्ट्रेडच्या मते प्रकरण येथेच संपले. होम्सला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण आदल्याच दिवशी त्याने ते दालन अतिशय बारकाईने तपासले होते आणि त्या वेळी भिंतीवर ठसा नव्हता. मॅकफार्लेन तर तेव्हापासून कोठडीत होता. मग रात्रीतून ठसा उमटविला कोणी? घरातच कोणीतरी दडलेले असले पाहिजे. होम्सने घराच्या मजल्यांची लांबी पावलांनी मोजली. वरच्या मजल्यावरील वाट खालच्या मजल्यावरील वाटेपेक्षा सहा फूट आखूड भरली. त्याने तेथे थोडे गवत पेटविले आणि शिपायांना ‘आग! आग!’ असे ओरडावयास लावले. पाहता पाहता वाटेच्या टोकाची भरीव दिसणारी भिंत दारासारखी उघडली व धुरात गुदमरलेला ओल्डएकर बाहेर पडला. कागदपत्रांच्या पाकिटावरील मऊ लाखेवर मॅकफार्लेनचा अंगठा टेकला होता. त्याची छाप त्याने मेणावर घेतली होती व ती स्वतःच्या थोड्या रक्ताने ओली करून भिंतीवर उठविली होती.

पापबुद्धीचा पिता आणि ओल्डएकर यांच्यामधील साम्य येथे सहज ध्यानात येईल. एक झाडाच्या ढोलीत लपला, दुसरा भिंतीमागच्या खोलीत. दोघांनाही बाहेर काढले ते धुराने. परंतु दोघांचे गुपित फुटले ते आग लागण्यापूर्वीच, न मागितलेला पुरावा पुढे आला त्या क्षणी. धर्मबुद्धीला ठाऊक होते की आपण चोरी केली नाही. होम्सला ठाऊक होते की काल येथे ठसा नव्हता. प्रत्येकाजवळ सत्याचा एकेकच कण होता. त्या कणाला वाचा फोडली ती मात्र खलनायकाच्या अतिउत्साहाने.

आतापर्यंतच्या उदाहरणांत अतिविचाराचा परिणाम बाहेर, कृतीत दिसला. तो मनाच्या आतही कसा घात करतो, याचे चित्र अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत रेखाटलेले आहे. बोलणाऱ्या हृदयाची ही कथा खुनी स्वतःच सांगतो. आपण वेडे नाही, आपण किती सावधपणे काम केले ते पाहा, हे त्याचे पालुपद आहे. सात रात्री तो एका वृद्धाच्या खोलीत मध्यरात्री हळूच डोकावतो व आठव्या रात्री त्याला ठार मारतो. प्रेत तो जमिनीच्या फळ्यांखाली दडवितो. कोठेही रक्ताचा डाग राहत नाही. शेजाऱ्याने किंकाळी ऐकल्यामुळे पहाटे तीन पोलीस अधिकारी चौकशीला येतात. हा हसतमुखाने त्यांना सारे घर दाखवितो, त्याच खोलीत खुर्च्या मांडून बसवितो, आणि ज्या फळ्यांखाली प्रेत आहे त्यांच्यावरच आपली खुर्ची ठेवतो! अधिकाऱ्यांचे समाधान होते व ते इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागतात.

मग खुन्याला एक ठोका ऐकू येऊ लागतो. तो त्या वृद्धाच्या हृदयाचा ठोका आहे असे त्याला वाटते. आवाज वाढत जातो, तरी अधिकारी शांतपणे बोलतच राहतात. कोणताही साधा माणूस म्हणेल की, त्यांना काही ऐकू येत नसावे. हा धूर्त खुनी मात्र वेगळाच तर्क करतो. त्यांना ऐकू येत आहे, सगळे कळलेही आहे, आणि ते मुद्दाम न कळल्याचे सोंग करीत आहेत! स्वतः अष्टौप्रहर सोंग करणाऱ्याला दुसऱ्याचा साधेपणाही सोंग वाटतो. अखेर ते त्याला असह्य होते व तो आपण होऊन ओरडत गुन्हा कबूल करतो. त्याला कोणी पकडले नाही. त्याच्याच तर्काने त्याला पकडून दिले.

या कथा एकत्र ठेवल्या म्हणजे अतिशहाण्यांच्या तीन चुका स्पष्ट दिसतात. पहिली, त्यांना थांबावे कोठे ते कळत नाही. दुसरी, आपल्या मनातील आराखडा म्हणजेच जग असे ते समजतात. पण जगात बिचकणारी हत्तीण असते, अन्नाचे कण वेचणाऱ्या मुंग्या असतात, आणि काल भिंत पाहून गेलेला एखादा माणूसही असतो. तिसरी, ते इतरांना स्वतःच्या मापाने मोजतात व जेथे डाव नाही तेथेही डाव पाहतात.

सत्य आणि रचलेले असत्य यांतील एक महत्त्वाचा भेदही येथे कळतो. सत्य घटना थोडी विस्कळीत असते. प्रामाणिक साक्षीदार ‘हे मला आठवत नाही’, ‘ते मी पाहिले नाही’ असे म्हणू शकतो. रचलेल्या घटनेत मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते, कधी कधी प्रश्न विचारण्याच्या आधीच. दारुवर्म्याची कमान आज्ञेआधी तयार होती. ओल्डएकरचा ठसा गरज नसताना उमटला. जेथे सर्व काही अति नीटनेटके आहे तेथे विचारी माणसाने क्षणभर थांबून पुन्हा पाहावे. एखाद्यावर आळ येतो आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा पाहून सगळे एकमुखाने बोलू लागतात, अशा वेळी तर हे थांबणे फार आवश्यक असते. मॅकफार्लेनचे प्राण वाचले ते एका माणसाने भिंत दोनदा पाहिली म्हणून.

लेखकांना असा शेवट प्रिय का असावा, याचेही कारण आहे. खलनायक वीज पडून मेला तर वाचकाला सुटल्यासारखे वाटेल, पण समाधान होणार नाही. कारण तो केवळ योगायोग ठरेल. त्याचा नाश त्याच्या स्वभावातूनच झाला, म्हणजे ज्या गुणाचा त्याला गर्व होता त्याच गुणाने त्याला बुडविले, तर कथेला न्यायाची पूर्णता येते. अर्थात प्रत्येक कथाकार हा न्याय करतोच असे नाही. धर्मबुद्धी-पापबुद्धीची कथा पंचतंत्रात करटक हा कोल्हा दमनकाला बोध व्हावा म्हणून सांगतो. सिंह आणि बैल यांची मैत्री कपटाने तोडणारा तो दमनक मात्र अखेर सिंहाचा मंत्री होऊन सुखाने राहतो. पुढे आठव्या शतकात या कथा अरबी भाषेत गेल्या, तेव्हा त्या ग्रंथात दमनकाची चौकशी होऊन त्याला शासन होते, असे एक नवे प्रकरण जोडलेले आढळते. दुष्टाला मोकळे सोडणे त्या रूपांतरकाराला मानवले नसावे! प्रत्यक्ष जीवनातही कपटी माणूस नेहमी सापडतोच असे नाही. म्हणूनच पुरावा पारखून घेणारे सावध डोळे समाजाला सदैव हवे असतात.

यावरून बुद्धी वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. धर्मबुद्धी, चाणक्य आणि होम्स यांनीही बुद्धीच वापरली. फरक एवढाच की, त्यांची दृष्टी समोरच्या वस्तूकडे होती, तर पापबुद्धी व ओल्डएकर यांची दृष्टी स्वतःच्या कौशल्याकडे होती. एकाने मुंग्या पाहिल्या, एकाने पावले मोजली. दुसऱ्या पक्षातील माणसे आपलाच बेत पुन्हा पुन्हा न्याहाळीत बसली. आपल्या विचारापलीकडेही जग आहे, याचे भान ज्याला असते तो शहाणा. ज्याला ते नसते तो अतिशहाणा. आणि त्याचा बैल का रिकामा राहतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पापबुद्धीने कोणाला साक्षीदार म्हणून पुढे केले?
(आ) दारुवर्म्याविषयी चाणक्याला संशय का आला?
(इ) भिंतीवरील ठसा पाहून होम्सला आनंद का झाला?
(ई) पो यांच्या कथेतील खुन्याने अधिकाऱ्यांच्या शांतपणाचा कोणता अर्थ लावला?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) बगळा आणि मुंगूस यांच्या गोष्टीचा पापबुद्धीच्या बेताशी असलेला संबंध स्पष्ट करा.
(आ) पापबुद्धीची कथा आणि नॉरवुडच्या कंत्राटदाराची कथा यांतील साम्ये सांगा.
(इ) ‘एका बेताने दुसऱ्या बेताच्या पायांत पाय घातला’ हे विधान प्रसंग सांगून पटवून द्या.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
गळ घालणे, आळ घालणे, प्रचीती येणे, वाचा फोडणे, पदरी पडणे.

४. ‘शहाणा’ या शब्दाला ‘अति’ हा उपसर्ग लागून ‘अतिशहाणा’ हा शब्द तयार झाला आहे. ‘अति’ लागून तयार झालेले आणखी चार शब्द शोधून लिहा व उपसर्गामुळे मूळ शब्दाच्या अर्थात कोणता बदल झाला ते सांगा.

५. स्वतःच्या हुशारीनेच फसलेल्या एखाद्या पात्राची गोष्ट वाचा आणि त्याने नेमके कोठे थांबावयास हवे होते, ते दहा-बारा ओळींत लिहा.